छोट्या जातीचं पिल्लू: बाहेर काहीच करत नाही, घरात आलं की लगेच शू

निळाई:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आलंय, मादी आहे, साधारण तीन महिन्यांची, नाव चिंगी. खाणंपिणं, झोप, खेळ सगळं मस्त चालू आहे पण शी-शूचं काही केल्या जमत नाहीये. बाहेर नेलं की सुकलेली पानं हुंगत बसते, मुंग्यांच्या मागे लागते, कुठे गाडी वाजली की कान टवकारून तिकडेच बघत राहते, सगळं करते पण ज्यासाठी नेलंय तेवढं करत नाही. शेवटी घरात आणायचं, दारातून आत सोडायचं आणि ती तडक हॉलमधल्या गालिच्यावर जाऊन बसणार. शी पण तिथेच नाहीतर सोफ्यामागे. तिला पॅडची (शू शोषून घेणारी कापडी चौकोनी घडी) सवय लावू की थेट बाहेरचीच? पॅड लावलं तर जन्मभर घरातच करेल असं काहीजण सांगतात. रात्री पाणी बंद करावं का? आणि घरातले मोठे म्हणतात की केलं तिथे नाक घास, एकदा अद्दल घडली की बरोबर कळेल. मला हे अजिबात पटत नाही पण त्यांना समजावायला माझ्याकडे ठोस काही नाही. ज्यांनी छोटी कुत्री वाढवलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. हो, शेवटची लस अजून बाकी आहे.

भटक्या:
अभिनंदन! नाक घासणं, पेपरची गुंडाळी करून फटका देणं असलं काहीही कोणाला करू देऊ नका. मुद्दाम करत नाहीये ती, एवढं घरातल्या सगळ्यांनी आधी मान्य केलं तर अर्धं काम होईल. टॉमीचीआई येऊन नीट लिहितीलच.

टॉमीचीआई:
आले आले. निळाई, आधी हे सांगते की तुझ्या चिंगीचं काही बिघडलेलं नाही, छोट्या जातीच्या जवळजवळ प्रत्येक घरात हीच तक्रार असते. बाहेर तिच्यासाठी सगळंच नवीन आहे, वास नवीन, आवाज नवीन, ती इतकी गुंतते की शू लागलीय हेच विसरते. घरात आली की अंग सैल पडतं, ओळखीची जागा, पायाखाली मऊ गालिचा, मग होणारच. त्यात आपण काय करतो की आत आणून मोकळं सोडून देतो, नेमकी तीच वेळ धोक्याची असते.

तर असं कर. नेताना रोज एकाच ठिकाणी ने, लीश (पट्ट्याची दोरी) आखूड धर आणि तिथे खांबासारखी उभी राहा, बोलू नकोस, खेळवू नकोस, फिरवू नकोस. पाच-दहा मिनिटं बघ. केली तर तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊचा छोटासा तुकडा, दोन-तीन सेकंदांच्या आत, म्हणजे खाऊ तुझ्या खिशातच पाहिजे, घरात येऊन डब्यातून काढून दिलास तर तिला वाटणार की घरात यायचं बक्षीस मिळालं. नाही केली तर परत आण पण जमिनीवर सोडू नकोस, मांडीवर घे किंवा क्रेटमध्ये (तिच्या झोपायच्या पिंजऱ्यात) ठेव किंवा लीश स्वतःच्या कमरेला बांध, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच जागा. बाहेर होत नाही तोवर घरात मोकळीक नाही, हे पहिले काही आठवडे काटेकोर पाळायचं. शिक्षा म्हणून नाही हं, चूक करायची संधीच मिळू नये म्हणून.

आणि एक गोष्ट जी फार जण विसरतात, तिने शू केल्या केल्या लगेच घरात आणू नकोस. थोडं हुंगू दे, खेळू दे. नाहीतर ती हुशार असते, तिला कळतं की केली की मजा संपते, मग ती धरून ठेवायला शिकते.

वेळा तर ठरलेल्याच असतात. झोपेतून उठली की, खाल्लं की, भरपूर पाणी प्यायली की, जोरात खेळून झालं की. खाल्ल्यावर पोट भरलं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे शी बहुतेकदा पाच मिनिटं ते अर्ध्या तासात येतेच. म्हणून जेवणाच्या वेळा घड्याळ लावल्यासारख्या ठेव, दिवसभर वाटी भरून ठेवू नकोस. आत जाणारं वेळेवर गेलं तर बाहेर येणारंही वेळेवर येतं.

गालिचा मात्र आजच गुंडाळून माळ्यावर टाक.

निळाई:
टॉमीचीआई खूप खूप आभार, हे कमरेला लीश बांधायचं कधी सुचलंच नसतं. गालिचा काढतेच. पण दर किती वेळाने न्यायचं? मी दोन तासांनी नेतेय, तरी मध्ये होतेच.

डॉक्टर_शेपटीवाले:
मी पशुवैद्य आहे, थोडं माझ्या बाजूने लिहितो. ढोबळ हिशेब असा सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते फार तर धरू शकतं. म्हणजे तीन महिन्यांचं चार तास. पण हा हिशेब झोपलेल्या, शांत पिल्लाचा आहे आणि छोट्या जातींना तर तो उदारच पडतो. मूत्राशय इवलंसं, त्यात शरीराची उलाढाल जलद. जागं असून खेळत असेल तर तासाभराने, कधी अर्ध्या तासानेही न्यावं लागतं. रात्री झोपेत लघवी कमी तयार होते म्हणून तेच पिल्लू रात्री चार-पाच तास काढू शकतं. त्यामुळे "रात्री धरते मग दिवसा का नाही, मुद्दाम करते" असं म्हणू नका.

पाण्याबद्दल: दिवसा कधीही तोडू नका. झोपायच्या तासभर आधी वाटी उचलली तर चालेल, पण फार उकाडा असेल किंवा जुलाब-उलट्या चालू असतील तर तेही नको. आणि शी कमी व्हावी म्हणून जेवण कमी करणं हे तर चुकूनही करू नका. चिवावा, यॉर्की, पॉम, अशा अगदी लहान पिल्लांची रक्तातली साखर जेवण चुकलं तर पटकन खाली येते, पिल्लू ढेपाळतं, थरथरतं, झोकांड्या खातं, वेळेवर लक्ष दिलं नाही तर जिवावर बेतू शकतं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला हवंच.

लसीचं: शेवटचा डोस साधारण सोळा आठवड्यांच्या पुढे असतो, तोवर जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे जमिनीवर सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, वर्षभरही राहू शकतो, आणि ती जागा दिसायला स्वच्छ असते. बाहेरच्या जगाची ओळख व्हावी म्हणून कडेवर घेऊन जरूर फिरवा, तेही या वयात तितकंच महत्त्वाचं आहे. पण शी-शूसाठी तूर्तास स्वतःचं अंगण, गच्चीचा कोपरा, बाल्कनी, जिथे दुसरं कुत्रं येत नाही अशी जागा ठरवा.

जास्वंदी:
डॉक्टरांनी बाल्कनी म्हटलं म्हणून मला धीर आला लिहायला. आमची चिवावा आहे, आम्ही खूप वरच्या मजल्यावर राहतो, लिफ्टची वाट बघेपर्यंत तिची शू व्हायची. तिला बाल्कनीत ट्रे ठेवलाय, त्यात खोट्या गवताची चटई, खाली जाळी आणि खाली पाणी साठायचा कप्पा. आता ती मोठी झाली तरी तिथेच करते आणि फिरायला गेलो तर बाहेरही करते. घरात करायची जागा ठरलेली असेल तर ते ट्रेनिंगच झालं ना? लोक उगाच नाकं मुरडतात. भर पावसात एवढ्याशा जिवाला गारठवत बाहेर उभं करण्यात काय शहाणपण आहे, गवत तिच्या पोटाला लागतं.

रातकिडा:
जास्वंदी, ट्रे ठीक आहे पण कापडी पॅडला माझा विरोध आहे. आमच्याकडे आधी पॅड होतं, त्याने पिल्लू काय शिकलं तर मऊ, चौकोनी, जमिनीवर पसरलेलं जे काही असेल त्यावर करायचं. मग पायपुसणं, आंघोळीची चटई, खाली पडलेला टॉवेल, योगा मॅट, कशाचीच खैर नव्हती. त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं. थेट बाहेरची सवय लावली की प्रश्न मिटतो.

जास्वंदी:
थेट बाहेरची कशी लावणार, लस नको व्हायला?

रातकिडा:
लस होईपर्यंतचं मान्य. त्यानंतरही पॅड चालू ठेवण्याबद्दल बोलतोय मी.

टॉमीचीआई:
तुम्ही दोघंही बरोबर आहात. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला पायाखाली काय असताना करायचं याची आवड पक्की व्हायला लागते. गवतावर वाढलेलं गवत शोधतं, कागदावर वाढलेलं कागद. म्हणूनच पिल्लू आणताना ते आधी कशावर करत होतं हे विचारून घ्यावं. निळाई, तुला कोणी सांगितलं होतं का?

तर मुद्दा पॅड की बाहेर हा नाहीच, शेवटी कुठे करायला हवंय हे आज ठरवा आणि घरातल्या प्रत्येकाने तेच पाळा. कायमचं बाहेर हवं असेल तर पॅडऐवजी गवताचा ट्रे ठेवा म्हणजे पायाला तोच स्पर्श राहील. ट्रे आधी ती करते त्या जागी, मग रोज थोडा थोडा दाराकडे सरकवायचा, एकदम उचलून बाल्कनीत नाही. लस झाली की वापरलेल्या ट्रेचा वास लागलेला एक तुकडा बाहेरच्या जागेवर ठेवायचा, वास आला की तिला कळतं की इथे.

निळाई:
हो, जिथून आणली तिथे पिंजऱ्यात खाली वर्तमानपत्र होतं, झोपायचं-करायचं सगळं त्यातच. आता कळतंय की रद्दीच्या गठ्ठ्याजवळ ती का घुटमळते.

टॉमीचीआई:
अगं मग हे फार महत्त्वाचं आहे. एरवी पिल्लू झोपायची जागा घाण करत नाही, क्रेट उपयोगी पडतो तो याच जोरावर. पण जे पिंजऱ्यातच करत वाढलंय त्याची ही उपजत स्वच्छता बोथट झालेली असते, त्याला क्रेटमध्ये ठेवलं तरी तिथेच करून वर लोळतं. अशा पिल्लाला जास्त वेळ लागतो आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. तिचा क्रेट एवढाच ठेव की उभी राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. मोठा असेल तर मध्ये फळी लाव. फार ऐसपैस असला की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू. आणि तरीही आत करत असेल तर क्रेट सध्या बाजूला ठेवून छोटं कुंपण घे, एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे. अंथरूण रोज धू, स्वच्छ कोरडं अंथरूण अंगवळणी पडलं की ओलं नकोसं वाटायला लागतं. तुझ्या बाबतीत तर ट्रेवरच थोडा कागद पसरून सुरुवात कर, हळूहळू कागद लहान करत ने.

सोनचाफा:
पुसण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे तिच्या नाकाला गेला असं नाही. नुसत्या पाण्याने, फिनाईलने पुसून उपयोग नसतो, लघवीतले वासाचे घटक तसेच चिकटून राहतात आणि दमट हवा आली की पुन्हा वास मारतात. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापर. आधी कोरड्या कापडाने दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही, मग ते क्लीनर सढळ हाताने ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, शिंपडून लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. अमोनियावालं काही वापरू नकोस, तो वास शूच्या जवळचा. आणि ब्लीच तर शूवर कधीच ओतू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

एक छोटा निळा यूव्ही टॉर्च मिळतो, रात्री सगळे दिवे घालवून जमिनीलगत धरून बघ. आमच्याकडे आम्हाला वाटत होतं दोनच जागा आहेत. टॉर्च मारला तर सोफ्याच्या मागच्या पायाला खालपासून चार बोटं वर पिवळट-हिरवे ओघळ, पडद्याच्या खालच्या कडेला डाग, आणि कपाट आणि भिंत यांच्या फटीत तर पूर्ण पट्टा चमकत होता, तिथे माणसाचा हात पण जात नाही. ते सगळं धुतलं आणि त्या जागी तिची जेवणाची वाटी ठेवायला लागलो, मग तिथलं बंद झालं.

निळाई:
टॉर्चची आयडिया मस्त. मंडळी, थोडं अपडेट. गालिचा काढल्यापासून हॉलमधलं बरंच कमी झालंय. ट्रे ठेवलाय, कागद पसरून. आता मी तिच्यावर सतत नजर ठेवतेय तर लक्षात आलं की ती सांगते, पण इतकं बारीक सांगते की मोबाईलमध्ये डोकं असेल तर हुकलंच. खेळता खेळता एकदम थांबते, तोंडातलं खेळणं खाली पडतं, नाक जमिनीला लावून भराभरा तिरकी चालते, शेपटी जरा वर उचलल्यासारखी होते, आणि मग एक गिरकी. गिरकीपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. खेळणं पडलं की उचलायचं.

आता दुसरा प्रश्न. सासरे म्हणतात की तिला बरोबर कळतं, कारण शू दिसली की ते नुसते तिच्याकडे बघतात तर ती कान पाडून, मान खाली घालून कोपऱ्यात जाते. म्हणजे चूक कळते ना? यावर काय उत्तर द्यायचं?

टॉमीचीआई:
यावर ठोस उत्तर आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेचा २००९ चा प्रयोग आहे. मालकांनी कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको असं सांगून खोलीबाहेर जायचं, मग परत आल्यावर त्यांना सांगितलं जायचं की याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि हे सांगणं दरवेळी खरं नसायचं. तर तो पडलेला, अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच खाल्लंय का यावर अवलंबूनच नव्हता, मालक रागावले का यावर होता. ज्यांनी खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी बसली त्यांचे चेहरे तर जास्तच पडले. म्हणजे चिंगी सासऱ्यांचा चेहरा वाचतेय, स्वतःची चूक नाही. रागावलेल्या मोठ्या माणसासमोर लहान जीव जे करतो ते करतेय.

आणि रागावण्याचा तोटा काय ते त्यांना असं सांग. पिल्लू यातून "घरात करू नये" शिकत नाही, "माणसासमोर करू नये" एवढंच शिकतं. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करतं, आणि तू बाहेर नेलंस की लीशच्या दुसऱ्या टोकाला तू उभी असतेस म्हणून तिथेही करत नाही. तुझी पहिली तक्रार आठव, बाहेर करत नाही, सोफ्यामागे करते. करताना सापडली तर हळूच "अरे अरे" म्हणून उचल आणि ट्रेवर ने, उरलेली तिथे केली की कौतुक. नंतर सापडलं तर गप पुसून टाक, त्यावर बोलायचं काही नाही.

सासऱ्यांनाच खाऊ द्यायचं काम दे ना, ट्रेवर केली की आजोबांनीच तुकडा द्यायचा.

भटक्या:
शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

निळाई:
टॉमीचीआई, सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते आता खिशात खाऊ ठेवतात, आणि ट्रेवर झाली की मला हाक मारून सांगतात.

ओंजळ:
धागा उपयोगी आहे, माझाही प्रश्न इथेच विचारते. आमचा पग घरात कुठेच करत नाही पण पाहुणे आले किंवा नवरा ऑफिसातून आला की उड्या मारता मारता त्याची शू होते. जमिनीवर, लोकांच्या पायावर. त्याला ट्रेनिंग झालंय म्हणायचं की नाही?

डॉक्टर_शेपटीवाले:
झालंय. ही आनंदाने किंवा घाबरून होणारी शू, तिच्यावर त्याचा ताबा नसतो, त्यामुळे तिला ट्रेनिंगही नाही आणि रागावणं तर नाहीच, रागावलात की वाढते. आल्या आल्या त्याच्याकडे लक्ष न देता बूट काढा, पाणी प्या, तो जरा शांत झाला की मग खाली बसून, तिरकं होऊन, वरून डोक्यावर हात न नेता हनुवटीखाली खाजवा. पाहुण्यांना शक्यतो बाहेरच भेटवा. बहुतेकांची वाढत्या वयात आपोआप जाते.

पण काही खुणा दिसल्या तर मात्र ट्रेनिंगचा विचार सोडा आणि तपासून घ्या. नीट चालू असलेलं एकाएकी बिघडलं, दर दहा मिनिटांनी बसून थेंब थेंब होतंय, कुंथतंय, लघवी लालसर आहे, सारखं तिथे चाटतंय, तर लघवीचा संसर्ग असू शकतो, माद्यांमध्ये जास्त. झोपेत अंथरूण ओलं होत असेल, चालता चालता गळत असेल, तर जन्मजात दोषही असतो, मूत्रपिंडातून येणारी नलिका मूत्राशयात उघडायच्या ऐवजी पुढे भलतीकडेच उघडते, कितीही शिकवलं तरी ते पिल्लू धरू शकणार नाही. अशी पिल्लं बिचारी महिनोन् महिने बोलणी खातात.

रातकिडा:
डॉक्टर, आमचा डॅशहंड आठ महिन्यांचा झालाय, इतके दिवस एकदम शहाणा होता, आता अचानक टेबलाच्या पायावर, दाराच्या चौकटीवर, नवीन आणलेल्या पिशवीवर तंगडी वर. थोडीशीच करतो. संसर्ग का?

डॉक्टर_शेपटीवाले:
लघवी एकदा तपासून घ्या, पण वय आणि वर्णन बघता वयात आलाय, खूण करतोय. उभ्या वस्तूवर, थोडीशीच, आणि नवीन वस्तूवर आवर्जून, हे ठळक लक्षण. नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये कमी होतं, सगळ्यांमध्ये नाही, आणि सवय जुनी व्हायच्या आत केली तर फायदा जास्त, कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर पुन्हा पिल्लू असतानाचे नियम लावा, नजरेआड मोकळं सोडायचं नाही, जुने डाग सोनचाफा यांनी लिहिलंय तसे एन्झाइमने काढायचे, नवीन पिशव्या-बॅगा जमिनीवर ठेवायच्या नाहीत. पोटाला बांधायचा पट्टा मिळतो तो घरात काही वेळ बांधला तर चालेल, पण ओला झाला की लगेच बदला, नाहीतर कातडी सोलवटते.

रातकिडा:
धन्यवाद डॉक्टर, उद्याच नमुना नेऊन देतो. सकाळची पहिली लघवी आणायची ना?

डॉक्टर_शेपटीवाले:
हो, पहिलीच. तंगडी वर केली की उथळ स्वच्छ वाटी मध्येच धरा, सुरुवातीचे थेंब सोडून द्या. झाकणाच्या बाटलीत ओतून तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.